भोंगा वाजला आणि ते खाली गेले

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या हॉस्पिटलात मॅच ड्यूटी लावायची वेळ आली की फुटबॉलवेडे इजिप्शियन आणि सुदानी डॉक्टर आपसांत भांडतात, आणि भांडण नको म्हणून ती ड्यूटी माझ्या गळ्यात पडते. मग मी अ‍ॅम्ब्युलन्सच्या सावलीत खुर्ची टाकून बसते आणि कुणाचा पाय मुरगळतोय का ते बघते.

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, रास तनुराकडून वर रास अल खैरकडे जाताना ज्या धुरांड्यांच्या वसाहती लागतात, त्यांतल्याच एकीत आम्ही राहतो. मी इमर्जन्सीत डॉक्टर, नवरा एका प्लांटवर सेफ्टीत. तो दिवसभर लोकांना गॅसपासून जीव कसा वाचवायचा ते शिकवतो आणि घरी आला की उरलेलं आम्हाला शिकवतो. चिपळूणहून आलेल्या सासूबाईंनाही त्याने पहिल्याच आठवड्यात बाल्कनीत उभं करून समोरच्या खांबावरचा केशरी विंडसॉक, वाऱ्याने फुगणारी ती लांब कापडी पिशवी, दाखवला होता. भोंगा झाला की आधी त्याच्याकडे बघायचं, वारा कुठून येतोय ते ओळखायचं, वाऱ्याला आडवं चालत सुटायचं. आणि काही झालं तरी खोलगट जागेत उतरायचं नाही, कारण इथला गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खाली जाऊन साचतो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, आता बाजूला हो, मी कपडे वाळत घालायला आल्येय."

तर त्या जानेवारीत इथल्या एका क्लबने युक्रेनचा एक संघ सरावासाठी बोलावला. तिथे कडाक्याच्या थंडीत लीग बंद असते आणि क्लब कुठल्यातरी ऊबदार देशात जाऊन सराव करतात, ही माहिती मला लेकीने दिली. "मम्मा, दे आर टॉप डिव्हिजन, ओके? जरा ठीक से बात करना," असंही तिने बजावलं. जणू मी पेशंटशी रोज वाकडंच बोलते.

त्यांचा डॉक्टर मॅचच्या दोन दिवस आधी एका खेळाडूचा गुडघा घेऊन आमच्याकडे आला. उंच, थोडा वाकलेला, पन्नाशीचा माणूस. एमआरआयला वेळ होता, म्हणून मी त्याला चहा पाजला. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण आमच्या कामापुरतं पुष्कळ होतं. बोलता बोलता मी विचारलं, तुमच्याकडे लढाई चालू आहे, मग मॅचेस कशा होतात?

"होतात की," तो म्हणाला. "भोंगा झाला की खाली जातो. भोंगा संपला की वर येतो. पुन्हा अंग गरम करतो, पुन्हा खेळतो."

मला वाटलं, तो एखाद्या वेळची गोष्ट सांगतोय. तो नेहमीची सांगत होता. मैदानाजवळ तळघर नसेल तर मॅचच होत नाही. पाहुणा संघ आला की यजमान आधी तळघर दाखवतात, मग ड्रेसिंग रूम. दुपारी सुरू झालेली मॅच कधी अंधार पडल्यावर संपते. प्रेक्षक असले तर तळघरात मावतील तेवढेच. ह्यांच्या क्लबचं स्वतःचं मैदान ज्या शहरात आहे तिथे आता खेळणं शक्यच नाही, म्हणून हे परक्या गावात राहतात आणि परक्या मैदानाला घरचं मैदान म्हणतात. हे सगळं त्याने चहात साखर ढवळत, आमच्याकडे पाणी कुठल्या दिवशी जातं ते सांगावं तसं सांगितलं. मला विचारायचं होतं की मग खेळता कशाला, पण माझ्याकडे बघून त्यानेच सांगितलं, "न खेळून काय करायचं?"

आता, इथे आलेल्या कुठल्याही पाहुण्याला वसाहतीत शिरण्याआधी गॅसची फिल्म बघावी लागते. ह्यांनीही बघितली होती, त्यांच्या भाषेत लिहिलेल्या ओळींसकट. शेवटी प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं सगळ्यांनी बरोबर दिली होती. वारा बघा, आडवे चाला, खाली उतरू नका. हे माझ्या नवऱ्यानेच मला सांगितलं, आणि चांगल्या मुडात सांगितलं, कारण त्याच्या मते फुटबॉलवाले सहसा फिल्म चालू असताना झोपतात.

मॅच संध्याकाळच्या आधी होती. ऊन उतरलं होतं, उत्तरेकडून थंडगार वारा येत होता. स्टँडमध्ये प्लांटवरचे शे-दोनशे लोक, बहुतेक आपलेच देशी. मी अ‍ॅम्ब्युलन्सजवळ शाल पांघरून बसले होते, ड्रायव्हर शेजारी उभा राहून मला खेळ समजावत होता. तो हैदराबादचा आहे, आणि आपल्या बोलण्याने कुणाला कंटाळा येऊ शकतो हे त्याला आजतागायत माहीत नाही. दुसरा हाफ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात भोंगा झाला.

आमच्याकडे भोंग्याची चाचणी आठवड्याला होते, तिची सवय आहे. पण ही चाचणीची वेळ नव्हती आणि आवाज वरखाली होत होता. म्हणजे गॅस. स्टँडमधल्या लोकांनी, अगदी गाणी म्हणत बसलेल्या पोरांनीसुद्धा, माना वर करून विंडसॉककडे बघितलं. विंडसॉक ताठ, आमच्याकडे शेपूट करून. प्लांटवरून येणारा वारा थेट मैदानावर येत होता. मैदानाचा सौदी मॅनेजर हात हलवत ओरडायला लागला, "यल्ला, यल्ला, बर्रा!" चला, बाहेर व्हा, आणि माणसं बाजूच्या फाटकाकडे निघाली. इथल्या क्लबचे खेळाडूही तिकडेच पळाले. धक्काबुक्की, चपला निसटल्या, कुणीतरी पळता पळता फोनवर व्हिडिओ काढत होतं. आपल्याकडे जसं होतं तसंच.

मी मैदानाकडे बघितलं.

ते पळत नव्हते. चेंडू जिथे होता तिथेच ठेवून ते अकराजण चालत होते. भराभर, पण चालत. बाकावरचे उठून त्यांना मिळाले. कुणी कुणाला हाक मारली नाही, कुणी आभाळाकडे बघितलं नाही, विंडसॉककडे तर नाहीच. गोलकीपरने पाण्याची बाटली उचलून काखेत मारली. मालिश करणाऱ्याने कोट गोळा केले. त्यांचा डॉक्टर सगळ्यांच्या मागे, डोकी मोजत. स्टँडच्या पोटात एक दार आहे, त्यातून पायऱ्या खाली जिमकडे आणि सामानाच्या खोलीकडे जातात. ते त्या दारातून एकामागे एक आत शिरले आणि दिसेनासे झाले. इतकं शिस्तीचं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळी उत्तरं बरोबर देऊन ती माणसं शांतपणे मरायला खाली चालली होती.

मी पळत सुटले. पन्नाशीला आलेली बाई शाल सावरत पळते तेव्हा कशी दिसते ते ड्रायव्हरने नंतर हॉस्पिटलभर करून दाखवलं, पण त्या वेळी तोही माझ्यामागे पळत होता. दारापाशी त्याने माझी बाही धरली. "मॅडम, नक्को. नीचे नक्को उतरो. रूल है."

रूल मला माहीत होता. माझ्याच घरात तो जेवताना म्हटला जातो. खाली उतरलेल्याला आणायला दुसरा उतरतो, तो पडतो, त्याला आणायला तिसरा उतरतो, आणि तोही पडतो. हवेची टाकी पाठीला नसेल तर कुणीही उतरायचं नाही, अगदी आपला माणूस असला तरी. टाकीवाले लोक प्लांटच्या दिशेला गेले असणार आणि इकडे यायला त्यांना वेळ लागणार होता. माझ्या कोटाला लावलेला गॅसचा मॉनिटर अजून गप्प होता. मी वरच्या पायरीवर उभी राहून बोंबलले, "वर या! गॅस! वर या!"

खालून डॉक्टर दिसला. तो चार-पाच पायऱ्या चढून वर आला, आणि मला बरं वाटलं, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरून मला खाली ओढायला सुरुवात केली. "या, डॉक्टर, लवकर. दार लावायचंय."

तो मला वाचवत होता. मी त्याला वर ओढत होते, तो मला खाली, आणि ड्रायव्हर मला मागून धरून "रूल है, मॅडम, रूल है" म्हणत होता. त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. त्यात भीती नव्हती, माझ्या मूर्खपणाबद्दलची काळजी होती. बिचारी परदेशी बाई, हिला कळत नाहीये, असा. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"फिल्म आठवते?" मी ओरडले. "जड गॅस. खाली साचतो."

तो म्हणाला, "हो, हो," आणि आणखी जोराने ओढलं. त्याला फिल्म आठवत होती. त्याचे पाय मात्र भोंगा ऐकत होते.

तेव्हा मला सुचलं ते मी केलं. मनगट झटकून सोडवलं, कोटावरचा मॉनिटर काढला, बॅगेतल्या क्रेप बँडेजच्या टोकाला बांधला आणि विहिरीत कळशी सोडतात तसा पायऱ्यांच्या कडेने, कठड्याच्या बाहेरून खाली सोडला. वरच्या पायरीवर तो गप्प होता. डॉक्टरच्या डोक्याच्या उंचीला गप्प. त्याच्या गुडघ्याच्या खाली गेला आणि एकदा टिकटिकला. तळाशी टेकला आणि कर्कश ओरडायला लागला. मी वर ओढला, गप्प. पुन्हा सोडला, पुन्हा ओरडला.

डॉक्टर शेवटी डॉक्टर. त्याने ते दोनदा बघितलं आणि तो पांढरा पडला. मागे वळून तो त्यांच्या भाषेत खाली ओरडला. मला त्यातला "गॅस" एवढा एकच शब्द कळला.

कुणीही उठलं नाही.

वरून मला खोलीचा अर्धा भाग दिसत होता. भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन ते ओळीने बसले होते, जागा वाटून दिल्यासारखे. दोघेतिघे खोकत होते, एकजण डोळे चोळत होता. डॉक्टरने पुन्हा सांगितलं, ह्या वेळी चिडून. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग छताकडे. वरून भोंगा वाजतच होता. भोंगा वाजत असताना उठायचं नाही, एवढं एकच त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यापुढे डॉक्टर, गॅस, मी, सगळं पोकळ बडबडीसारखं होतं. कोपऱ्यातला गोलकीपर, तोच सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत खाली बसलेला, काहीतरी शांतपणे बोलला आणि त्याने शेजारच्या पोराचा खांदा धरून त्याला खाली दाबून ठेवलं.

वीस-बावीस धडधाकट माणसं डोळ्यांदेखत, हाकेच्या अंतरावर, आणि मी त्यांना उचलून आणू शकत नव्हते. मी दोन पायऱ्या उतरले. का उतरले, सांगता येत नाही. ड्रायव्हरने माझी शाल ओढून मला परत वर घेतलं.

डॉक्टरने तेव्हा खिशातून फोन काढला. मला वाटलं हा आता कुणाला फोन लावतोय. त्याची बोटं दोनदा चुकली. मग त्याने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि हात लांब करून तो खाली धरला.

फोनमधून आधी एक लांब सूर आला आणि मग एक पुरुषी, धीरगंभीर आवाज त्यांच्या भाषेत बोलायला लागला. दोनच वाक्यं असावीत. तो आवाज संपायच्या आत ते उठले. सगळे, एकदम. ढुंगणं झाडली, कुणी आळस दिला, एकाने हसून दुसऱ्याला टपली मारली. आणि जसे गेले होते तसेच रांगेने पायऱ्या चढून वर आले, माझ्या शेजारून, खेळाडूंच्या घामाचा आणि कुजक्या अंड्यांचा वास घेऊन. गोलकीपर शेवटी आला. मधल्या पायरीवर त्याचा तोल गेला. डॉक्टरने आणि ड्रायव्हरने त्याला बगलेत धरून वर काढलं. रूल सांगणारा ड्रायव्हर तेव्हा तीन पायऱ्या खाली होता.

दारातून बाहेर आल्यावर त्यांना कळलं. कारण आमचा भोंगा अजून वाजतच होता. मी त्यांना वाऱ्याला आडवं चालवत फाटकाकडे नेत होते आणि ते चालता चालता एकेक करून डॉक्टरकडे बघत होते. मला ते बघणं त्या तळघरापेक्षा भयंकर वाटलं आणि का वाटलं ते कळेना.

पाचजणांना आम्ही रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं. गळती लवकर बंद झाली होती, फार गॅस आला नव्हता, सगळे ठणठणीत झाले. वॉर्डच्या बाहेर डॉक्टरने मला सांगितलं ते असं. त्यांच्या देशात प्रत्येकाच्या फोनमध्ये हवाई हल्ल्याचा इशारा देणारं एक अ‍ॅप असतं. धोका आला की ते ओरडतं, आणि धोका टळला की तो आवाज येतो. तो आला की आया मुलांना घेऊन वर येतात, शिक्षक वर्ग वर आणतात, रेफरी चेंडू उचलतो. अ‍ॅपमध्ये आवाज तपासून बघायची सोय असते, त्याने तेवढंच बटण दाबलं होतं. गोलकीपरचा भाऊ, तोही फुटबॉलवालाच, एकदा तो आवाज यायच्या आधी वर आला होता. लोकांना वाटलं, झालं संपलं. दुसरं क्षेपणास्त्र त्यानंतर आलं.

घरी नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो हातातलं ताट तसंच धरून ऐकत राहिला. मॉनिटर बँडेजला बांधून सोडल्याचं ऐकून त्याने काहीच म्हटलं नाही, म्हणजे आवडलं होतं. मग म्हणाला, "तू पायरी उतरलीस का? तेवढंच सांग."

"दोन," मी म्हटलं.

तो दुसऱ्या खोलीत निघून गेला आणि त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. सासूबाई चिपळूणला परतल्या नसत्या तर त्यांनी त्याला चार शब्द ऐकवले असते.

संघ परत जायच्या आदल्या दिवशी त्यांचा डॉक्टर रिपोर्ट न्यायला आला. मी त्याच्यासाठी चहा मागवला. तो खंगलेला दिसत होता. बाकीचे नीट आहेत, म्हणाला, पोरं त्या गोष्टीवरून आता थट्टासुद्धा करतात. पण गोलकीपर त्याच्याशी बोलत नव्हता.

माझा पारा चढला. "जिवंत आहे ना तो? मग चिडू दे की. तुम्ही ते बटण दाबलं नसतं तर मी आज त्याचं डेथ सर्टिफिकेट लिहिलं असतं. सांगा त्याला. नाहीतर मी येऊन सांगते."

"चिडलेला नाही," डॉक्टर म्हणाला. "काल रात्री आला माझ्या खोलीत. त्याने एकच विचारलं. घरी गेल्यावर तो आवाज आला की खरा आहे हे मी कसं ओळखू?"

मी इतका वेळ फक्त ती माणसं वर आल्याचा विचार करत होते. ती परत जाणार आहेत, आठवडाभरात पुन्हा कुठल्यातरी तळघरात बसणार आहेत, आणि ह्या माणसाने त्यांना वाचवायला त्यांच्याकडचा एकुलता एक खात्रीचा आवाज खर्च करून टाकलाय, हे माझ्या डोक्यात आत्ता शिरत होतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, आवाज आला की आधी मी एकटा वर जाईन. बाहेर उभा राहीन. तू दारातून बघ, आणि मग ये. दर मॅचला."

"किती वेळ उभं राहायचं?"

त्याने रिपोर्टचं पाकीट कोटाच्या आत सरकवलं. "तो म्हणेल तोपर्यंत," तो म्हणाला.